ट्रेंट नदीत बार्बल-कार्पसाठी आधीपासून चारा टाकायचा तर किती, कुठे, किती दिवस?

नॉटिंगहॅमकर:
नमस्कार मंडळी. मी मूळचा वाईचा, लहानपण कृष्णेत गळ टाकण्यात गेलं, आता तीन वर्षं इंग्लंडात नॉटिंगहॅमात आहे आणि ट्रेंट घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. रॉड लायसन्स (गळाने मासे धरायचा परवाना) आहे, इथल्या मासेमारी क्लबचं कार्ड पण आहे. 16 जूनला नदीतल्या मासेमारीचा सीझन उघडला तेव्हापासून बार्बल, म्हणजे तो मिशांवाला नदीतला मासा, पकडायचाच असं डोक्यात बसलंय. तर मागच्या आठवड्यात एक जागा धरली, काठाला विलोचं झाड वाकलंय तिथे, आणि सोम ते गुरू रोज ऑफिसवरून येताना जवळपास चार किलो पेलेट (माशांच्या खाद्याच्या गोळ्या) आणि मका असं बादलीतून ओतून आलो. शनिवारी पहाटे पाच ते अकरा बसलो. दोन ब्रीम (चपटे मासे) मिळाले, तेही शेंबडासारखे चिकट, जाळीला अजून वास येतोय. बार्बल नाही, कार्पने साधं शेपूट पण दाखवलं नाही. उलट सहा हंस आले आणि माझ्याकडे मालकासारखे बघत बसले. 16 किलो चारा गेला कुठे? आणि कार्प-बार्बल दोन्हीला एकच जागा चालते का?

सेव्हर्नकाठची:
हंसांनी आणि ब्रीमनी खाल्ला, आणखी कुठे जाणार :)
अरे पण मला सांग, तू ओतलास तो तळाला नेमका कुठे पडला हे तुला माहितीये का? दोन मीटर पाणी आणि चांगली धार असेल तर हातातून फेकलेलं पेलेट तळाशी पोचेपर्यंत बरंच खाली वाहून जातं, म्हणजे तू विलोखाली बसलास आणि जेवणावळ चालली होती शेजारच्याच्या समोर. बेट ड्रॉपर घे, छोटा डबा असतो, तळाला टेकला की झाकण उघडतं आणि चारा तिथेच पडतो. त्याआधी दोरीला नुसतं शिशाचं वजन लावून टाक आणि तळावरून ओढून बघ. टकटक लागलं तर गोटे-रेती, मऊ ओढलं गेलं तर गाळ. बार्बलला रेतीचा तळ आणि वाहतं पाणी हवं, तो तळालाच तोंड घासत खातो, मिशा उगाच नाहीत त्याला.

आणि चार किलो म्हणजे लग्नाच्या पंगतीचा हिशोब झाला रे. मी वूस्टरला सेव्हर्नवर उन्हाळ्यात शिजवलेलं हेम्प अर्धा किलो आणि वर एक-दोन मुठी बारीक पेलेट टाकते, संध्याकाळी, एक दिवसाआड, असं तीनदा. बास. हेम्प म्हणजे भांगेचं बी, बारीक असतं म्हणून मासा तिथेच टिपत बसतो, पोट भरत नाही. रात्रभर भिजवायचं, मग अर्धा तास उकळायचं, बी फुटून पांढरा कोंब दिसला की गॅस बंद. प्रेशर कुकरमध्ये करू नकोस, माझ्या कुकरच्या शिट्टीत बी अडकलं होतं आणि किचनच्या छतावर जे काही उडालं ते सासूबाई इथे आलेल्या असताना. असो.

कार्प वेगळा. तो एका जागी राहत नाही, संथ पाण्यात, वळणाच्या आतल्या भोवऱ्यात, बोटी लागतात त्या बाजूला फिरत असतो, त्याच्यासाठी आठवडा-दहा दिवस रोज थोडं टाकावं लागतं, मका आणि बॉयली (उकडलेल्या पिठाचे गोळे), म्हणजे तो फेरीत कधी ना कधी येतो आणि जागा लक्षात ठेवतो. दोघांना एकच जागा क्वचित जमते.

अजून एक, डर्बीशायरच्या डोंगरात पाऊस पडला की डर्वेंट आणि डव्हचं पाणी ट्रेंटला येतं. लेव्हल चढत असेल तर आधी टाकलेलं सगळं खाली गेलं समज, परत पहिल्यापासून.

कृष्णाकाठ_सांगली:
मुला, वाईचा असून विसरलास होय? आम्ही रोहू-कटल्याला तांदळाचा कोंडा भाजून शेंगपेंडेत मिसळतो, त्याचा चिखलात गोळा करतो, म्हणजे खाली जाऊन हळूहळू सुटतो. तुमच्या ड्रॉपरचं काम आमची काळी माती करते. तीन दिवस एकाच वेळेला, दिवस मावळायच्या आत, एकाच ठिकाणी. वेळ चुकवायची नाही, मासा घड्याळ बघत नाही पण सवय लागते त्याला. बघायचं असेल तर महाडजवळ वाळणकोंडला जा, काळ नदीच्या डोहात देवाचे मासे आहेत, भाविक चुरमुरे टाकतात आणि पाणी उकळल्यासारखं होतं. तिथे गळ टाकायची कुणाची हिंमत नाही ते सोडून दे.
बाकी तुमच्या बार्बलचा चुलता आमच्याकडेच आहे, महसीर. इंग्रज अधिकारी कर्नल साईक्सने 1839 साली पुण्याच्या नदीतला महसीर नोंदवला तेव्हा बार्बस, म्हणजे बार्बलच्याच कुळाच्या नावात घातला होता.

चालता_गळ:
मी जरा उलटं बोलतो. वर्किंग क्लासने हे चारा प्रकरण करूच नये, पेट्रोल आणि पेलेटचा खर्च बघा. एका शनिवारी पाच जागा धरा, प्रत्येक ठिकाणी दोन ड्रॉपर हेम्प टाका, दोन तास विसावू द्या, मग फिरत फिरत एकेका जागी गळ टाका. शिवाय क्लबच्या पाण्यावर चार दिवस चारा टाकणारे तुम्ही, आणि शनिवारी पहाटे तिथे खुर्ची मांडून बसलेला दुसराच कोणीतरी. माझ्यासोबत झालंय, वर तो मलाच विचारतो, काही लागतंय का इकडे.
आणि @नॉटिंगहॅमकर, मका कोरडा टाकला नव्हतास ना? भिजवून उकळलाच पाहिजे, नाहीतर पोटात फुगतो, माशाचे हाल. क्लोज सीझनमध्ये, म्हणजे 15 मार्च ते 15 जून, नुसता चारा टाकायलाही बरेच क्लब मनाई करतात, कार्डाच्या मागे वाच.

नॉटिंगहॅमकर:
मका... हो. टिनमधला नव्हता, पोत्यातला होता, एक रात्र भिजवलेला फक्त. चुकलं, परत नाही.
अपडेट देतो. विलो सोडला. शिसं ओढत तीनशे मीटर वर गेलो, एका ठिकाणी टकटक लागली तिथे मंगळ, गुरू असं अर्धा-अर्धा किलो हेम्प ड्रॉपरने टाकलं, साध्या पातेल्यात उकळून. काल रात्री साडेनऊला, अंधार पडता पडता, रॉडचं टोक असं खाली गेलं की स्टँडसकट पाण्यात जाणार होतं. जाळीत घेतला, नऊ पौंड दोन औंस. सोडताना तो आडवाच व्हायला लागला, फार लढला होता, म्हणून धारेकडे तोंड करून पाण्यातच दोन्ही हातांनी धरून बसलो, सात-आठ मिनिटं. गुडघे गारठले. मग कल्ले जोरात हलायला लागले, एक फटका मारला शेपटीचा, चष्म्यावर पाणी, आणि गेला.
बायको म्हणते घरात भांगेचा वास येतोय, शेजारच्यांनी पोलीस बोलावले तर काय सांगू.

सेव्हर्नकाठची:
अभिनंदन!! खिडकी उघडी ठेवून उकळ, आणि ते उरलेलं काळं पाणी फेकू नकोस, त्यातच पेलेट भिजव.