कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) फुकट मिळतोय, तोच आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाला लावू का, असं एकाने विचारलंय. नका लावू! असल्या डब्यांवरचे वॅट बरेचदा कागदावरच असतात. स्टिकरवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा, त्याला १२ ने गुणा. येतील ते खरे कामाचे वॅट. कार्ड स्वतः ११५ वॅटच खातं, तरी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. आणि एसएमपीएसवर ८० प्लस ब्राँझ हे मानांकन असणं म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच, टिकाऊपणाची हमी नव्हे.

कॅबिनेटला पुढून काच नको, हवा खेळायला जाळी हवी. कार्डाची लांबी आधी मोजा. मी नव्हती मोजली, हार्ड डिस्कचा पिंजरा कापत बसलो.