श्रीपादला आईला घेऊन कोणत्या महिन्यात जावं? मदत हवी आहे

जय भीम मंडळी. आम्ही कराडचे. श्रीलंकेतल्या श्रीपाद शिखरावर आईला न्यायचंय. बुद्धांच्या पाऊलखुणेचं दर्शन घ्यायची तिची फार इच्छा आहे.

तिथल्या यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत. तेव्हा पायऱ्यांवर रात्रभर दिवे असतात, वाटेत चहाची दुकानं उघडी असतात. एरवी पाऊस, वारा, धुकं, त्यामुळे ते महिने बादच. उंची २,२४३ मीटर, पायऱ्या साडेपाच हजारांच्या आसपास. आई आगाशिवची लेणी अजून सावकाश चढते, पण उतरताना गुडघे धरतात.

तिला वैशाख पौर्णिमेलाच वर असायचंय. मला धास्ती गर्दीची. पौर्णिमेला नि शनिवार-रविवारी पायऱ्यांवर रांगा लागतात, आणि मेमध्ये पावसाचाही भरवसा नाही. माझ्या मते फेब्रुवारीतला मधला वार बरा, हवा कोरडी असते, सूर्योदय दिसायची आशा जास्त. पण तिचं मन मोडवत नाही.

वयस्कर माणसांना घेऊन हॅटन-नल्लतन्निया बाजूने कुणी गेलंय का? चढायला किती वेळ लागला? पहाटे वर थंडी कितपत असते? वैशाखात गेलेल्यांनी तर नक्की सांगा, आईला वाचून दाखवेन.