इंटरनेटमुळे तुमच्यापर्यंत पोचलेला परदेशी सिनेमा / अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन): अनुभव लिहा

मंडळी, पूर्वी जपानी किंवा इराणी सिनेमा बघायचा तर फिल्म सोसायटीचं सभासदत्व नाहीतर महोत्सवाचा पास हवा, आणि मुक्काम शक्यतो पुण्या-मुंबईत. आता तो घरबसल्या दिसतो. माझ्या मते ही वाट आधी पाडली हौशी सबटायटलवाल्यांनी, प्लॅटफॉर्म नंतर आले. तुमच्याकडे कसा पोचला? सविस्तर लिहा.

सांगली: इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर डीसी++ (फाइल वाटायचं सॉफ्टवेअर) वरून 'नारुटो' ही अख्खी अ‍ॅनिमे मालिका फिरायची. जपानमध्ये भाग लागला की थोड्याच दिवसांत इंग्रजी सबटायटलसकट हजर! कुणी भाषांतर करायचं, कुणी टायमिंग, कुणी तपासायचं, सगळं फुकट. एखाद्या सणाचा उल्लेख आला की पडद्याच्या वरच्या कडेला बारीक अक्षरांत टीप. जपान मला त्या टिपांतूनच कळत गेला. बेकायदा होतं हे खरं, पण ताज्या भागांसाठी दुसरा मार्गच नव्हता. २००६ साली सुरू झालेल्या क्रंचीरोल या अ‍ॅनिमेच्या साइटवरही आधी प्रेक्षकच भाग चढवायचे. जानेवारी २००९ पासून टीव्ही टोकियोशी करार होऊन 'नारुटो'चा पुढचा भाग 'नारुटो शिप्पूडेन' तिथे जपानपाठोपाठ अधिकृतपणे दिसू लागलं. मागणी आहे हे त्या हौशी पोरांनी आधीच दाखवून दिलं होतं.

डोंबिवली: सांगलीकरांना +१. प्रेक्षकच सबटायटल करतात त्या व्हिकी साइटवर मी कोरियन मालिकांसाठी काम केलंय. मला कोरियन येत नाही, म्हणून संवाद कुठे सुरू होतो, कुठे संपतो तेवढे तुकडे पाडायचे. भाषांतर करणारे त्यावर पुढे काम करतात. ओळ अर्धा सेकंद आधी आली तरी रहस्य फुटतं, त्यामुळे हे काम फार मन लावून करावं लागतं.

न्यू जर्सी: फेब्रुवारी २०२० पासून घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे २१ सिनेमे टप्प्याटप्प्याने नेटफ्लिक्सवर आले, पण अमेरिका, कॅनडा आणि जपान सोडून! साताऱ्याचा भाचा फोनवर गोष्टी सांगायचा आणि मी इथे नुसती ऐकायची. हक्क देशागणिक विकले जातात, इंटरनेट असलं तरी.

नागपूर: जपानी दिग्दर्शक माकोतो शिनकाईंचा 'वेदरिंग विथ यू' हा अ‍ॅनिमे सिनेमा भारतात लावा म्हणून ऑनलाइन अर्ज फिरला, पन्नास हजारांवर सह्या झाल्या. माझीही होती. ११ ऑक्टोबर २०१९ ला तो खरंच थिएटरात लागला. एरवी एकेकटे लॅपटॉपवर बघणारे आम्ही सगळे पहिल्यांदा एकत्र बसलो होतो. शेवटी कुणी उठेना.

चिपळूण: १९९३ मध्ये दूरदर्शनवर बघितलेलं 'जंगल बुक' जपानी होतं, हे मला नेटवरच कळलं!

नाशिक: आईला इराणी सिनेमे फार आवडतात, पण इंग्रजी ओळी भराभर वाचता येत नाहीत. मी शेजारी बसून मराठीत सांगते. सिनेमा मध्येच थांबवावा लागतो. आता एका सिनेमाच्या ओळी मराठीत लिहायला घेतल्यात. डोंबिवलीच्या ताई, टायमिंग शिकवाल का?