वडिलांना शेजारच्या पेशंटचं इन्सुलिन देणार होते, तक्रार करायची तर कशी करू?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा डोकं शांत करून सल्ला हवाय. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आमच्या जिल्ह्याच्या गावी एका खाजगी हॉस्पिटलात. ऑपरेशन नीट झालं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्याच रात्री सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या, "पाटील ना?" म्हणाल्या, बाबा गुंगीत होते ते "हं" म्हणाले, आणि सिस्टर दंडाला स्पिरिट लावत असताना आईने विचारलं की हे कसलं आहे. तर म्हणे शुगरचं. बाबांना शुगर नाहीच! शेजारच्या कॉटवर पण पाटीलच, त्यांचं ते इन्सुलिन. सिस्टरचा चेहरा पांढरा पडला, माफी मागितली, गेल्या. आई तेव्हा खाली चहाला गेली असती तर काय झालं असतं हा विचार डोक्यातून जात नाहीये. आता मी म्हणतो लेखी तक्रार करायचीच. भाऊ म्हणतो त्या पोरीची नोकरी जाईल, आणि बाबा अजून त्यांच्याच ताब्यात आहेत, डॉक्टर दुखावले तर? कोणाला अनुभव आहे का, तक्रार कुणाकडे आणि कशी करतात?

जय५१:
सोडू नका अजिबात. बिल पूर्ण घेतात ना, मग जबाबदारी पण पूर्ण घ्यायची. त्या सिस्टरचं नाव घालून लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी बोललात तर दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतील असं काही झालंच नाही.

सिस्टर_नाईट_ड्युटी:
वारणाकाठ दादा, आधी आईंना नमस्कार सांगा, त्यांनी केलं तेच बरोबर. मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्डला आहे म्हणून सांगते. तक्रार कराच, पण फक्त सिस्टरचं नाव लिहून थांबू नका. तुमच्या सांगण्यातच सगळं आलंय बघा, दोन पाटील शेजारी शेजारी, हाताला नावाचा पट्टा नाही (असता तर तुम्ही लिहिलं असतं), आणि "पाटील ना?" असं विचारणं. गुंगीतला किंवा म्हातारा माणूस कशालाही हो म्हणतो. आम्हाला शिकवतात की पेशंटला नाव सुचवायचं नाही, "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं, आणि नाव अधिक केसपेपर नंबर अशा दोन गोष्टी जुळल्या तरच औषध द्यायचं. कॉट नंबर धरायचाच नाही कारण कॉट बदलतात. आता रात्री एकटी सिस्टर, पूर्ण वॉर्ड, त्यात एक सिरियस, एक नवीन अॅडमिशन, सलाईन संपली म्हणून तिसरा नातेवाईक बोलावतोय, अशा वेळी हे सगळं गळून पडतं आणि "पाटलांचं इन्सुलिन" एवढंच डोक्यात राहतं. चूक ती चूकच, मी तिची बाजू घेत नाहीये. पण तिला काढून टाकलं तर पुढच्या रात्री दुसरी पोरगी येणार, तेच दोन पाटील, तोच ट्रे. आणि बाकीच्या सिस्टर एक गोष्ट शिकणार, की असं झालं तर गप्प बसायचं. ते जास्त वाईट, कारण मग इंजेक्शन खरोखर दिलं गेलं तरी कोणी सांगणार नाही आणि पेशंटची शुगर झोपेतच खाली जात राहील.

क्वालिटीवाला_नाशिक:
सिस्टरताईंशी शंभर टक्के सहमत. मी एका हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात आहे. तुमच्याकडे झालं त्याला आम्ही नियर मिस म्हणतो, म्हणजे घात होता होता वाचला. खरं तर हॉस्पिटलसाठी ही फार मोलाची माहिती असते कारण कोणाला इजा न होता भोक कुठे आहे ते कळतं, पण बहुतेक ठिकाणी ती दाबली जाते. एनएबीएच (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकन असेल तर अशा घटनांचा फॉर्म भरणं, कारण शोधणं, काय बदललं ते लिहून ठेवणं हे सगळं अपेक्षितच आहे, तेव्हा रिसेप्शनला विचारा मानांकन आहे का. नसलं तरी अर्ज थेट मेडिकल सुपरिटेंडेंट किंवा मालक डॉक्टरांच्या नावाने द्या. तारीख, वेळ, वॉर्ड, काय घडलं ते जसंच्या तसं, विशेषणं न लावता. मग तीन प्रश्न विचारा, पेशंटची ओळख पटवायची तुमची पद्धत काय, एकाच आडनावाचे पेशंट असतील तर काय करता, आणि या घटनेनंतर काय बदल केला ते लेखी कळवा. अशा अर्जाला "सिस्टरला समज दिली" एवढं उत्तर देऊन सुटता येत नाही.

दाद नाही दिली तर पुढे जाता येतं. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीचे नियम २०२१ मध्ये सुधारले, त्यानुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. महापालिका हद्दीत असाल तर पालिकेचे आरोग्य अधिकारी, नाहीतर जिल्हा शल्यचिकित्सक. आणि केसपेपरची प्रत मागून ठेवा, मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागते, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत तसं आहे. डॉक्टर दुखावतील ही भीती मी समजू शकतो, पण शांत भाषेत लिहिलेल्या अर्जाने दुखावणारा डॉक्टर मी तरी कमीच पाहिलाय.

भूलतज्ज्ञ_कोकण:
थोडं वेगळं सांगतो पण विषय तोच. ऑपरेशन थिएटरमध्ये हाच प्रॉब्लेम होता, सगळे हुशार, सगळे अनुभवी, तरी चुकीची बाजू, राहिलेला गॉज, न दिलेलं अँटिबायोटिक. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची एक यादी आणली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी थांबायचं आणि मोठ्याने बोलायचं, पेशंटचं नाव काय, ऑपरेशन कोणतं, कुठल्या बाजूचं, अॅलर्जी आहे का, सुया आणि गॉज मोजून झाले का. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून बघितली, त्यात दिल्ली पण होतं, २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष छापून आले. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही. हे काम ज्यांच्या पुढाकाराने झालं ते सर्जन अतुल गवांदे, त्यांचे वडील आपल्या उमरखेड तालुक्यातले, म्हणून मला जरा जास्तच अभिमान वाटतो.

पण कागदावर टिकमार्क करून फाईलला लावली तर त्या यादीचा काडीचा उपयोग नाही, आणि आपल्याकडे तेच फार होतं. संध्याकाळी क्लार्क बसून सगळ्या टिका करतो हे मी पाहिलंय आणि त्याचा मला खरंच राग येतो. सगळे थांबून बोलले तरच काम होतं. यापुढे घरातल्या कोणाचंही हर्निया, मोतीबिंदू, गुडघा असं बाजूवालं ऑपरेशन असेल तर आत नेण्याआधी त्या बाजूला मार्करने खूण केलीय का ते बघा, आणि नसेल तर विचारा. विचारल्यावर आम्हाला राग येत नाही, आला तर तो आमचा दोष.

औषधवाला_सातारा:
इन्सुलिनचा विषय निघालाय म्हणून, हे सगळ्या घरांना उपयोगी. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनातल्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं, त्या ताकदीची सिरिंज केशरी टोपीची. पेन बिघडलं म्हणून लोक कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने ओढून घेतात, १० च्या रेघेपर्यंत भरलं की जातात २५ युनिट! अडीचपट. दुकानात मी प्रत्येकाला विचारतो सिरिंज कुठली वापरता, काही जण वैतागतात पण मी विचारतोच.

वारणाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. क्वालिटीवाले सरांनी सांगितलं तसा अर्ज लिहिला, सिस्टरचं नाव घातलं नाही, वेळ आणि वॉर्ड लिहिला त्यावरून त्यांना कळेलच पण आमचा रोख तिच्यावर नाही हे स्पष्ट लिहिलं. मोठे डॉक्टर स्वतः भेटले. आधी म्हणाले "झालं तर काही नाही ना", मग ते तीन प्रश्न वाचून गप्प झाले आणि मेट्रनना बोलावलं. शेजारच्या पाटलांना दुसऱ्या खोलीत हलवलं. पट्टे मागवतो म्हणाले, तोपर्यंत सगळ्या वॉर्डला चिकटपट्टीवर पेनने पूर्ण नाव आणि नंबर लिहून मनगटाला लावलाय. लेखी उत्तर अजून आलेलं नाही, पोच आहे, मी मागे लागणार. ती सिस्टर अजून ड्युटीवर आहे, काल रात्री तिने बाबांना पूर्ण नाव विचारलं.
आता डिस्चार्ज मिळतोय. बाबांच्या बीपीच्या जुन्या गोळ्या पण आहेत, नवीन चिठ्ठीत त्यांचं काही लिहिलेलं नाही. त्या चालू ठेवायच्या की बंद?

औषधवाला_सातारा:
इथे कोणाच्या सांगण्यावर ठरवू नका, घरी जायच्या आधी डॉक्टरांना जुन्या गोळ्यांची पाकिटंच दाखवा आणि चिठ्ठीवर त्यांच्या हाताने लिहून घ्या, चालू की बंद. आणि नवीन चिठ्ठीत दुखण्याच्या दोन गोळ्या असतील तर मागे आतलं औषध वाचा, नावं वेगळी आणि आत दोन्हीत पॅरासिटामॉल असं सर्रास होतं.