एकाच अक्षरावरचे इंग्रजी शब्द: तुमच्या आठवणी लिहा

पिंपळपान
माळा आवरायला घेतला आणि बाबांची जुनी वही हाती लागली. काम तिथेच राहिलं. बाबा इंग्रजी शिकले ते शब्दकोशातून, स्वतःचे स्वतः. वहीत प्रत्येक अक्षराला थोडी पानं, त्यावर शब्द, पुढे मराठी अर्थ आणि खाली त्यांनी रचलेलं एक वाक्य. वाक्यात घातल्याशिवाय शब्द आपला होत नाही, असं ते म्हणायचे. मी शाळेत असताना संध्याकाळी एक अक्षर घ्यायचे आणि त्यातले शब्द मला विचारायचे.

मी डब्ल्यूच्या पानावर अडकले आहे. आधी मुका डब्ल्यू आणि मग आर असे शब्द त्यांनी वेगळे काढलेत. रिस्ट म्हणजे मनगट, रिंग म्हणजे पिळणे (अंगठी नव्हे, डब्ल्यूवालं), रिंकल म्हणजे सुरकुती, रेंच म्हणजे हिसका देऊन पिरगाळणे, रिगल म्हणजे वळवळणे, रीथ म्हणजे फुलापानांचं गुंफलेलं कडं. शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, "सगळ्यांत पीळ आहे." राँग हा शब्दही त्याच यादीत टाकलाय. मी शोधून पाहिलं तर तो जुन्या नॉर्स भाषेतून आलेला आणि तिथे त्याचा अर्थ वाकडा! राइट म्हणजे लिहिणे हे मात्र त्यांनी बाजूला ठेवलंय. तेही बरोबरच, कारण त्याचं मूळ ओरखडणे, कोरणे यात आहे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शब्द एकाखाली एक मांडले आणि त्यांना दिसलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तुमच्याकडेही असं एखादं अक्षर असेल. शब्द, अर्थ, कुठे वापरलात, कोणी सांगितला, काहीही चालेल.

तळटीप
कमाल होते तुमचे बाबा. आता त्यांचं एसएनचं पान काढा बरं. स्नोअर, स्नीझ, स्निफ, स्नॉर्ट, स्नाउट, सगळे नाकाशी बांधलेले. स्नीअर म्हणजे तर चक्क नाक मुरडणे. जीएलमध्ये उजेड: ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लिमर, ग्लेअर. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली अशा ध्वनींच्या जोड्यांना फोनेस्थीम हे नाव दिलं. अर्थात नियम म्हणून धरू नये. स्नो आणि स्नेकमध्ये नाक नाही, ग्लव्हमध्ये उजेड नाही. बस आली, नंतर लिहितो.

आभाळवेडी
आपला झ घ्या मग! झगमग, झळाळी, झळकणे, झगझगीत, झिलई. सगळा लखलखाट.

तळटीप
वा, झ सुचला नव्हता. (बसमध्ये जागा मिळाली.)

खडूची धूळ
मोठ्या माणसांच्या रात्रवर्गाला इंग्रजी शिकवते. एकदा फळ्यावर प्रश्नांचे शब्द लिहिले होते, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, हू, विच. साठीच्या पुढच्या एक बाई मागून म्हणाल्या, "बाई, ह्यांचं सगळं डब्ल्यूवर आणि आपलं सगळं क वर. काय, कुठे, केव्हा, का, कोण, कोणतं." वर्ग एकदम गप्प झाला आणि मग सगळे आपापल्या वहीत पडताळून बघायला लागले.

हा योगायोग नाही. या भाषांच्या सामाईक पूर्वजात क्व सारखा एक ध्वनी होता. संस्कृतात त्याचा क झाला, लॅटिनमध्ये क्यू-यू, इंग्रजीत डब्ल्यू-एच. हाऊ सुद्धा त्याच घरातलं, त्याचा डब्ल्यू तेवढा गळला. उत्तरांचंही तसंच बघा. देअर, देन, दॅट हे टी-एचवर आणि आपले तिथे, तेव्हा, ते हे त वर.

मग त्याच बाईंनी विचारलं, "आणि ज कुठे गेला?" जिथे, जेव्हा, जो. आणि खरी मेख तीच आहे. इंग्रजीत ज साठी वेगळं अक्षर नाही, डब्ल्यू-एचच दोन्ही कामं करतं. "व्हेन इट रेन्स" मधलं व्हेन म्हणजे जेव्हा, केव्हा नव्हे. मराठी माणूस व्हेन दिसलं की प्रश्न समजतो आणि वाक्य तिथेच फसतं. आता मी पहिल्या आठवड्यातच दोन रकाने आखून देते, एकात क आणि एकात ज. फार फरक पडतो.

मुंगी
पिंपळपान, वहीला वाळवी नाही ना लागली? प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत दमट होतं. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

पिंपळपान
वाळवी नाही, कडा तेवढ्या पिवळ्या पडल्यात. फोटो आज रात्री काढते. खडूची धूळ, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. क आणि ज चे रकाने मुलाला दाखवणार आहे.

सावकाश
लिहू की नको असं झालं होतं. माझ्या बाबांना स्ट्रोक झाला, मेंदूच्या पुढच्या भागात. नोकरी आयुष्यभर इंग्रजीत केली, म्हणून थेरपिस्ट ताईंनी इंग्रजी अक्षर घेतलं. एक मिनिट वेळ, एफवरचे जितके शब्द येतील तितके सांगा, माणसांची आणि गावांची नावं चालणार नाहीत. मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट म्हणून तपासणी आहे, तिच्यात हा भाग असतो, ११ किंवा जास्त शब्द आले तर त्याचा गुण मिळतो.

प्राण्यांची नावं विचारली की बाबा भराभर सांगायचे. अक्षर दिलं की अडायचे. ताईंनी समजावलं की प्राणी आठवताना एका प्राण्याला धरून दुसरा येतो, अर्थ मदतीला असतो. अक्षरावरून शोधायचं तर अर्थाचा काहीच आधार नाही, मेंदूला मुद्दाम वेगळ्या वाटेने शोधावं लागतं आणि ते काम जास्त करून पुढच्या भागाचं. हे कळलं तेव्हा त्यांच्या गप्प बसण्याकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. ते हट्टाने बसत नव्हते, शोधत होते.

पहिल्यांदा आलेले शब्द मला पाठ आहेत: फादर, फूट, फाइव्ह, आणि बऱ्याच वेळाने फ्रेंड.

मुंगी
सावकाश, बरं केलंत लिहिलंत. आता कसे आहेत?

सावकाश
बोलतात आता. वाक्य हळू येतं पण पूर्ण येतं. रोज एक अक्षर घेतो आम्ही, ते मला विचारतात.

आभाळवेडी
त्यांना आमच्या सगळ्यांचा नमस्कार. आणि तुम्हालाही, रोज बसताय त्यांच्याजवळ. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्हाला कोणी हे इतकं समजावून सांगितलं नाही. त्या चिडतात म्हणून आम्ही विचारणंच बंद केलं होतं. ज्यांच्या घरी असं आजारपण आहे त्यांनी वरचा प्रतिसाद नीट वाचा.

मुळाक्षर
सावकाश, तुमच्या बाबांना एक गोष्ट नक्की सांगा. त्यांना आलेले चारही शब्द आपल्या घरचे आहेत. फादर आणि पितृ, फूट आणि पाद, फाइव्ह आणि पंच. जिथे संस्कृतात प तिथे इंग्रजीत एफ, याचा नियम याकोब ग्रिमने १८२२ साली मांडला. फुल आणि पूर्ण हेही त्यातलेच. इंग्रजीत जे शब्द लॅटिनमधून मागून आले त्यांचा पी तसाच राहिला, म्हणून फादरशेजारी पॅटर्नल आहे आणि फूटशेजारी पेडल. एकाच अर्थाची माणसं, एक एफच्या पानावर आणि एक पीच्या.

आणि फ्रेंड! तो आपल्या प्री धातूचा भाऊ, ज्यातून प्रिय आणि प्रीती आले. फ्री हा शब्दही तिथलाच. आधी जिवलग, आपल्या घरचा असा अर्थ, मग जो गुलाम नाही तो, म्हणजे मोकळा. मला इंग्रजीतला हा सगळ्यात सुंदर प्रवास वाटतो.

सावकाश
आत्ताच वाचून दाखवलं. "प्रिय" दोनदा म्हणाले. धन्यवाद हो.

जाड भिंग
शब्दकोशाचा विषय निघालाय म्हणून. ऑक्सफर्डचा मोठा कोश तुकड्यातुकड्यांनी निघाला. पहिला भाग १८८४ मध्ये, ए पासून अँट पर्यंत. शेवटी झेड आला असेल असं वाटेल, पण नाही. एक्स, वाय, झेड १९२१ मध्येच उरकले होते आणि १९२८ मध्ये काम पुरं झालं ते डब्ल्यूच्या शेपटाने, वाइजपासून पुढे. म्हणजे पिंपळपान यांच्या बाबांचे ते सगळे पीळवाले शब्द अगदी शेवटच्या भागात.

सगळ्यात जाड भाग एसचा. सेट एवढासा शब्द, पण १९८९ च्या आवृत्तीत त्याच्या क्रियापदाचेच सुमारे ४३० अर्थ. आताच्या नव्या कामात रनने त्याला मागे टाकलंय, क्रियापदाचे ६४५ अर्थ. माणूस धावतो, नळ वाहतो, दुकान चालतं, रंग उतरतो, कोणी निवडणुकीला उभं राहतं, सगळीकडे रन.

मुंगी
नळ वाहतो वरून आठवलं, बंद करून येते.

दोन खिडक्या
शीर्षकात शब्द म्हटलंय तर वापराचंही बोलू या, रोज तिथेच अडतं. मी भाषांतर करते. माझं अक्षर एस, कारण त्यात उलटे अर्थ एकत्र राहतात. सँक्शन म्हणजे मंजुरी आणि सँक्शन म्हणजेच निर्बंध. कर्ज सँक्शन झालं तर आनंद, देशावर सँक्शन्स आली तर संकट. मूळ लॅटिन अर्थ विधिवत ठरवून देणे. ठरवून देणाऱ्याच्या हातात परवानगीही असते आणि शिक्षाही, त्यामुळे दोन्ही अर्थ आले. स्क्रीन म्हणजे दाखवणे, स्क्रीन म्हणजेच आडोसा करून झाकणे. सीड म्हणजे बी पेरणे आणि फळातली बी काढून टाकणेही. अशा वेळी शब्दाकडे बघून काही कळत नाही, शेजारचे शब्द वाचावे लागतात.

एचमधली जोडी याहून अवघड, कारण तिथे आपली मराठीच दोघांना एक शब्द देते. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात नोंद व्हावी असं महत्त्वाचं, हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाविषयीचं किंवा इतिहासातलं. आपण दोन्हीला ऐतिहासिक म्हणून मोकळे. ऐतिहासिक निर्णय असेल तर हिस्टॉरिक, ऐतिहासिक कादंबरी असेल तर हिस्टॉरिकल. ईमध्ये इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेचं आणि इकॉनॉमिकल म्हणजे कमी खर्चाचं. आयमध्ये इम्प्लाय आणि इन्फर: बोलणारा सुचवतो तो इम्प्लाय, ऐकणारा ताडतो तो इन्फर. ही शेवटची जोडी इंग्रजी मातृभाषा असलेलेही सरमिसळ करतात, तेव्हा आपण उगीच दडपण घेऊ नये.

खडूची धूळ
सुचवतो आणि ताडतो! उद्याच वर्गात सांगते, तुमचं म्हणून.

तळटीप
घरी पोचलो. स्टेशनरीच्या दोन स्पेलिंगांबद्दल कोणी लिहिलं नाही? एकात शेवटी ए-आर-वाय, अर्थ स्थिर. दुसऱ्यात ई-आर-वाय, अर्थ कागद-लेखणी. दोन्हींचं मूळ एकच. मध्ययुगात बहुतेक विक्रेते फिरते असत, ज्याचं एका जागी ठाण मांडलेलं दुकान तो स्टेशनर, आणि असे दुकानदार बहुधा पुस्तकं विकणारे. त्यांच्याकडचा माल ती स्टेशनरी. एन्व्हलप ईवर सुरू होतो, म्हणून कागदवालीत ई, असं लक्षात ठेवा.

आभाळवेडी
क्यूवर कोणी आलं नाही अजून. क्विक म्हणजे पूर्वी झटपट नव्हे, जिवंत. आपल्या जीव शब्दाचाच नातलग. क्विकसिल्व्हर म्हणजे पारा, जिवंत असल्यासारखी पळणारी चांदी. नखाखालच्या हुळहुळ्या भागालाही क्विक म्हणतात, तिथे जीव असतो म्हणून. हे कळल्यापासून नखं कापताना दर वेळी आठवतं.

मुंगी
आले. मुलगा विचारतोय एक्सवर काही आहे का, की नुसता झायलोफोन.

जाड भिंग
त्याला सांगा, १७५५ च्या आपल्या कोशात सॅम्युअल जॉन्सनने एक्सखाली लिहिलं होतं की या अक्षराने इंग्रजीतला एकही शब्द सुरू होत नाही. आज जे आहेत ते बरेचसे ग्रीक मुळांतून घडवलेले. झायलो म्हणजे लाकूड, झेरो म्हणजे कोरडं. शाई न ओतता कोरडी प्रत काढायची ती झेरॉक्स.

मुंगी
"कोरडी" ऐकून खूश झाला. आता घरातल्या सगळ्या वस्तूंना विचारतोय तू कुठल्या अक्षराची.

पिंपळपान
सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवतेय, ती मध्येमध्ये थांबवून पुन्हा वाचायला लावते. एक विचारायचं होतं. एलच्या पानावर बाबांनी लाय आणि ले शेजारी लिहून पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. मुलाची उद्या व्याकरणाची चाचणी आहे, त्यात हे येणार. कोणी सोपं करून सांगेल का?

दोन खिडक्या
लाय म्हणजे स्वतः आडवं होणं, पडून असणं. ले म्हणजे दुसरं काही ठेवणं, त्याला कर्म लागतं. आपलं निजणे आणि निजवणे आहे ना, तसंच. घोळ होतो तो लायच्या भूतकाळामुळे, कारण तो ले असाच होतो. त्याला हे दोन ओळींत म्हणायला लावा: लाय, ले, लेन. ले, लेड, लेड. आणि खोटं बोलणं हे तिसरं लाय वेगळं, त्याचं लाय, लाइड, लाइड.

खडूची धूळ
आणि चाचणीत आधी कर्म शोध म्हणावं. कर्म सापडलं तर दुसरी ओळ, नाही सापडलं तर पहिली.