गोतावळा ग्रुप: ऑस्टिन ते ग्रँड कॅन्यन, वाटेत खायचं काय?

आत्या: मंडळी, पुढच्या आठवड्यात आम्ही ऑस्टिनहून ग्रँड कॅन्यनला गाडीने निघतोय. लेक म्हणतो, वाटेत सगळं मिळतं. पण आम्हा दोघांना मांस-मासे चालत नाहीत, केकमधलं अंडं तेवढं चालतं. चार-पाच दिवस फ्रेंच फ्राइजवर काढावे लागतील की काय, अशी धास्ती वाटतेय. बरोबर काय काय घेऊ?

काका, सोलापूर: कडक भाकरी आणि शेंगाचटणी घे, दुसरा विचारच करू नकोस. आठवडाभर काही होत नाही. वर लाडू, मेतकूट. परक्या मुलखात पोटाची परीक्षा घेऊ नये.

ताई, डॅलस: काका, भाकरी-चटणी गाडीत असू देच. न्यू मेक्सिकोत कधी कधी तासभर गाव लागत नाही, तेव्हा तीच कामाला येते. पण आत्या, सगळे दिवस डब्यावर काढू नकोस गं. या रस्त्यावर गावागणिक खाणं बदलतं, आणि ते कुठल्या लोकांनी तिथे आणलं हे खाताना कळतं. हायवेवरून दिसणाऱ्या ठरावीक पाट्या सोडून दिवसातून एकदा तरी गावात शिरा.

आधी फ्राइजचं सांगते, कारण आपली बरीच मंडळी तिथेच फसतात. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये बीफचा स्वाद घातलेला असतो, घटकांच्या यादीत तसं लिहिलेलंच आहे. यावरून शाकाहारी आणि हिंदू ग्राहकांनी २००१ मध्ये खटला भरला होता. पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागितली आणि १ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. भारतातल्या फ्राइजमध्ये तो नसतो, म्हणून घरी कुणाला शंका येत नाही.

आत्या: बाई गं! मग अडीअडचणीला काय खायचं?

ताई, डॅलस: टाको बेल या फास्टफूड साखळीतला बीन बरिटो, म्हणजे राजम्यासारखे बीन्स भरून गुंडाळलेली पोळी. त्यांचे बीन्स चरबीशिवाय शिजवतात आणि शाकाहारी पदार्थांना अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनचं प्रमाणपत्र आहे. वर फायर सॉसच्या पुड्या. इथले देशी लोक लांबच्या प्रवासात त्याच्यावरच तरून जातात. पण मेक्सिकन दिसणाऱ्या प्रत्येक हॉटेलात हे गृहीत धरू नकोस. खूप ठिकाणी बीन्स डुकराच्या चरबीत परततात. "लार्ड आहे का?" एवढं विचारायचं. कुणी वाईट वाटून घेत नाही.

वहिनी, नाशिक: ते बीव्हरचं चित्र असलेलं भलंमोठं दुकान याच वाटेवर आहे ना? भाचा सारखे व्हिडिओ पाठवतो.

ताई, डॅलस: बकीज! हो, ऑस्टिनहून निघालं की टेंपल या गावी लागतंच. १९८२ मध्ये टेक्सासातच सुरू झालं. दुकानाच्या मधोमध ब्रिस्केट, म्हणजे भाजलेलं बीफ, कापत असतात, ते आपल्या उपयोगाचं नाही. आत्या, तू बीव्हर नगेट्स घे, म्हणजे कॅरामलमध्ये घोळवलेले मक्याचे फुगे. आणि स्वच्छतागृहं इतकी चकचकीत की आपल्या वयाच्या माणसांनी तेवढ्यासाठीसुद्धा थांबावं.

पण पोट तिथे भरू नका. टेंपल आणि वेको मागे टाकलं की वेस्ट नावाचं छोटं गाव येतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मध्य टेक्सासात चेक लोक शेती करायला येऊन वसले, त्यातलं हे गाव. तिथे चेक स्टॉप नावाची बेकरी आहे, पेट्रोल पंपाला लागूनच. तिथला कोलाची खा. मऊ गोड पाव, मध्ये अंगठ्याने दाबल्यासारखा खळगा, त्यात जर्दाळूचा, आलुबुखारचा किंवा खसखशीचा मुरंबा, नाहीतर गोड चीज. वरून लोणी-साखर-मैद्याचा चुरा. खोक्यात एकमेकांना चिकटून भाजलेले असतात, त्यामुळे कडा ओढून काढाव्या लागतात आणि तिथेच ते सगळ्यात मऊ असतात. खसखशीचा नक्की घे, काळी खसखस इतकी भरभरून घातलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. सॉसेज भरलेल्यालाही तिथे बरेच जण कोलाचीच म्हणतात, म्हणून "फ्रूट" असं स्पष्ट सांग.

काका, सोलापूर: खसखस म्हणताय तर ऐकतो. पुढे?

ताई, डॅलस: अमरिलोनंतर जुना रूट ६६ लागतो. १९२६ मध्ये आखलेला शिकागो ते लॉस एंजेलिस रस्ता, १९८५ मध्ये अधिकृत यादीतून काढला, पण गावांनी सोडला नाही. एड्रियन या गावी त्याचा मध्यबिंदू आहे, दोन्हीकडे १,१३९ मैल अशी पाटी. समोर मिडपॉइंट कॅफे, तिथला पाय (pie, पारीत गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) प्रसिद्ध. हंगामी आहे, आधी फोन करा. पायच्या पारीतही लार्ड असू शकतं, तेही फोनवरच विचारून घ्या.

आणि मग न्यू मेक्सिको. आत्या, तुम्ही सप्टेंबरात जाताय याचा मला खरंच हेवा वाटतो. तिथल्या हॅच गावच्या हिरव्या मिरचीचा तोच हंगाम. दुकानांबाहेर जाळीचे मोठे पिंप गॅसच्या ज्वाळांवर गरागरा फिरवत मिरच्या भाजतात. साल काळी पडून सुटते आणि वास पार्किंगभर पसरतो. हॉटेलात विचारतात, "रेड ऑर ग्रीन?" या प्रश्नाला त्या राज्याने अधिकृत राज्यप्रश्नाचा मान दिलाय! दोन्ही हवी असेल तर "ख्रिसमस" म्हणायचं. फक्त मिरचीच्या रश्श्यात पोर्क असतं कधी कधी, तेवढं विचारायचं. चीज एन्चिलाडा (चीज भरून गुंडाळलेली मक्याची पोळी, वर मिरचीचा रस्सा) घ्या, आणि सोबत सोपापिया येते ती सोडू नका. पुरीसारखी टम्म फुगलेली, चौकोनी. एक कोपरा फाडायचा, आत मध ओतायचा आणि तिखटाच्या घासांमधून खायची.

दादा, अटलांटा: मी पूर्वेकडचा, पण राहवत नाही. आत्या, इकडे आलीस की उकडलेल्या शेंगा! जॉर्जियात, साउथ कॅरोलायनात रस्त्याकडेला टेम्पोमागे हाताने रंगवलेली पाटी आणि उकळतं पातेलं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी शेंगा इकडे रुजवल्या. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन् तास उकळतात, दाणा राजम्याइतका मऊ होतो. कपात भरून देतात, खारं पाणी मनगटावरून ओघळतं. आपण कोजागिरीच्या सुमारास शेतावर खायचो त्याच शेंगा. साउथ कॅरोलायनाने २००६ मध्ये त्यांना राज्याचा अधिकृत खाऊ केलं.

काका, सोलापूर: आता मलाच यावं लागणार!

आत्या: ताई, ग्रँड कॅन्यनजवळ नावाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांची तळलेली भाकरी मिळते म्हणे. लेक म्हणाला ती खायलाच हवी.

ताई, डॅलस: फ्राय ब्रेड. खा, पण तिची गोष्ट ठाऊक असू दे. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नावाहोंना घरादारातून हुसकून शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडोला नेलं. वाटेत आणि तिथे किती माणसं गेली. त्यांची मक्याची शेतं, पीचच्या बागा सैन्याने उद्ध्वस्त केल्या होत्या. शिध्यात मिळाला मैदा, मीठ, साखर, चरबी. त्यातून बायकांनी ही भाकरी उभी केली. १८६८ च्या करारानंतर ते आपल्या भूमीत परतले, भाकरीही सोबत आली. बॉस्क रेडोंडोची ती जागा तुमच्या वाटेपासून थोडी बाजूला, सांता रोझाच्या दक्षिणेला आहे, फोर्ट समनरजवळ. तिथे स्मारक आहे. वेळ काढा, मला ते पायपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आज नावाहोंमध्येच काहीजण मधुमेहामुळे ती टाळा म्हणतात, काहींना ती आजीची आठवण वाटते. दोघांचंही मला पटतं.

कॅन्यनच्या पूर्व दरवाजाच्या अलीकडे कॅमेरॉन ट्रेडिंग पोस्ट आहे, १९१६ पासूनचं. तिथला नावाहो टाको म्हणजे फ्राय ब्रेडवर बीन्स, खिमा, चीज. तुम्ही नुसती ब्रेड मध घालून मागा आणि तळण कशात आहे ते विचारा. तेलातली मिळाली तर दोघांत एक पुरते, आकार फार मोठा असतो.

आत्या: लिहून घेतलं. पहिल्या दिवशी कडक भाकरी दुपारसाठी, वेस्टला खसखशीचे सहा कोलाची. अहोंना तिखट हवंच असतं, तर "ख्रिसमस" त्यांना पाठ करून घेते. फोर्ट समनरसाठी लेकाला एक दिवस वाढवायला सांगितलाय, तो हो म्हणालाय. ताई, "लार्ड" विचारायचं वाक्य इंग्रजीत रेकॉर्ड करून पाठव, ऐकून ऐकून सराव करते.