'होरा' : अंदाज, तास की ज्योतिष?

प्रश्न : 'निकालाबाबतचा त्यांचा होरा चुकला' असं बातम्यांत नेहमी येतं. पंचांगातही होरा असतो. दोन्ही एकच का?

– एकच. पंचांगातला होरा म्हणजे अडीच घटका, आपला एक तास. होऱ्यावरून फळ सांगायचं ते होराशास्त्र, आणि पुढे सांगितलेल्या फळालाच होरा म्हणू लागले. शब्द मूळचा ग्रीक. इंग्रजी 'अवर' त्याच घराण्यातला.

– ग्रीक कशाला? 'अहोरात्र'मधला 'अ' आणि 'त्र' काढा, होरा उरतो. खुद्द जुन्या ज्योतिषी वराहमिहिरानं 'बृहज्जातक' या ज्योतिषग्रंथात दिलंय.

– दिलंय, पण 'एके' म्हणजे 'काही जण असं मानतात' म्हणून. त्याच अध्यायात तो मेषाला 'क्रिय' आणि वृषभाला 'तावुरि' म्हणतो, ती सरळसरळ ग्रीक 'क्रिओस' आणि 'ताउरोस'. कुंडलीतलं 'केंद्र'सुद्धा ग्रीकच. त्याला यवनांचं, म्हणजे ग्रीकांचं, वावडं नव्हतं, आपल्यालाच का असावं?

– होऱ्याची खरी गंमत वारांत आहे. दिवसरात्रीचे बारा-बारा भाग पाडले इजिप्तवाल्यांनी. ग्रहांच्या गतींचा हिशेब शतकानुशतकं ठेवला बाबिलोनवाल्यांनी. ग्रीकांच्या काळात दोन्ही एकत्र आलं. आता कागद घ्या. संथ ग्रहाकडून वेगवान ग्रहाकडे असा क्रम लिहा : शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. याच क्रमानं एकेक होरा एकेका ग्रहाचा, आणि सूर्योदयाचा होरा ज्या ग्रहाचा, वारही त्याचाच. रविवारी सूर्योदयाचा होरा रवीचा, दुसरा शुक्राचा, तिसरा बुधाचा, चौथा चंद्राचा, मग पुन्हा शनीपासून. सातांच्या तीन फेऱ्या म्हणजे 21. बाविसावा परत रवीचा, तेविसावा शुक्राचा, चोविसावा बुधाचा. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला, चंद्राचा. झाला सोमवार! असंच पुढे मोजा, मंगळवार येतो. आर्यभटानं 499 च्या सुमारास हे एका ओळीत बसवलं : 'शीघ्रक्रमाच्चतुर्था भवन्ति सूर्योदयाद् दिनपाः', म्हणजे या क्रमातला दर चौथा ग्रह सूर्योदयापासून पुढच्या दिवसाचा स्वामी.

– म्हणजे वार वेदकाळापासूनचे नाहीत?

– नाहीत. तिथी-नक्षत्रं जुनी, वार मागाहून आले. मध्य प्रदेशात एरणला गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला स्तंभ आहे, इ.स. 484 चा. त्यावर तिथीबरोबर 'सुरगुरूचा दिवस' म्हणजे गुरुवार कोरलाय. वाराची नोंद असलेल्या आपल्याकडच्या सर्वांत जुन्या लेखांत तो धरतात.

– मग 'तास'?

– तो फारसीतून आला. तास म्हणजे धातूचं भांडं किंवा थाळी. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती 24 मिनिटांनी भरून बुडाली की थाळीवर टोला. 'घटका भरली' हे तिथलंच. लग्नात घंगाळात घटिकापात्र ठेवायची पद्धत काही घरांत अजून आहे, पण भटजींचं लक्ष मोबाइलवरच असतं.

– मूळ प्रश्न राहिला. 'होरा' आणि 'अंदाज' यांत फरक काय?

– अंदाज कशाचाही : मिठाचा, अंतराचा, खर्चाचा. होरा फक्त पुढे घडायच्या गोष्टीचा, आणि तोही जाणकारानं आडाखे बांधून सांगितलेला. 'भाजीत मिठाचा होरा चुकला' कुणी म्हणत नाही. अनेकवचनही सहसा होत नाही. 'होरे वर्तवले' परवा एका मथळ्यात वाचलं, कानाला खटकलं. तिथे 'अंदाज'च बरा होता.